हरलेला कुठं जातो

बेगमपुऱ्यात आमच्या माडीवर
एक वर्ष मोहिनूर राहिली.
बुखाऱ्याजवळच्या कुठल्याशा गावची.
पाणचक्कीतल्या पीराचा माग काढत आलेली.
तिच्याच मुलखातून निघालेला तो,
तीनेकशे वर्षांपूर्वी,
ही विमानानं, दोन सुटकेसा घेऊन.

शेजारच्या शेवंताबाईंनी पहिल्याच दिवशी
तिची मोहिनी करून टाकली.
ती म्हणाली, चालेल की,
आमच्या गावाला तर तीन नावं झाली.
आजी अजून पहिलंच घेते.
आम्ही गप्प.
आमच्याही बसच्या पाटीवर एक नाव असतं
आणि कंडक्टरच्या तोंडी दुसरं.

सेलूला लग्नाला नेलं, तर वाटेत
बोंडं फुटलेली बघून गाडी थांबवायला लावली
आणि लागली वेचायला,
दोन्ही हातांनी, अशी सराईत
की ओटी बांधलेल्या बाया बघतच राहिल्या.
शाळा बंद ठेवून न्यायचे आम्हाला, म्हणाली,
बर्फ पडेस्तोवर.
तिनं नखाशेजारचा जुना ओरखडा दाखवला.
एका बाईनं आपला दाखवला, ताजा.

माझी निवडणुकीची ड्यूटी लागली
तेव्हा साहित्याची यादी तपासत बसलो होतो:
लाख, सुतळी, शाईची बाटली, पुठ्ठ्याचा आडोसा.
आडोशावर तिनं हात ठेवला.
आजोबांच्या वेळी पडदा असायचा.
कागदावर नाव एकच,
घडी घालायची, पेटीत टाकायची.
पडद्याआड जायचं कारणच नाही,
म्हणून जो जाईल त्याच्याकडं सगळे वळून बघायचे.
आजोबा एकदा गेले.
आत काय केलं विचारलं तर म्हणायचे, चष्मा पुसला.
दोन हंगाम त्यांना ट्रॅक्टर मिळाला नाही.

मग ते राज्य गेलं.
पुतळा उतरला, चबुतरा राहिला,
चबुतऱ्याला काय, कुणीही चालतं.
मशिदीतून कापसाच्या गाठी बाहेर निघाल्या,
नमाज आत आली.
फक्त शुक्रवारचा खुतबा
राजधानीतून छापून येतो,
इमाम चष्मा लावून वाचतात.
आणि आता कागदावर नावं चार असतात, म्हणाली,
चौघंही एकाचंच कौतुक करणारी.

निकालाच्या संध्याकाळी, ताशाच्या गलक्यात
तिनं विचारलं, हरलेला कुठं जातो?
मला प्रश्नच कळेना.
म्हणजे देश सोडतो, की उचलून नेतात?

मी तिला चौकात नेलं.
अकरा मतांनी पडलेला अन्सार बागवान
पेरूच्या गाड्यावर उभा होता,
घसा बसलेला, अंगात प्रचाराचाच सदरा,
जिंकलेल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत
जिंकलेल्याच्याच मेव्हण्याला पेरू तोलत होता.
तराजूची दांडी सरळ होती.
तिच्याकडं बघून म्हणाला,
बाहेरची दिसतीस, इथं कामून आलीस गं?
आणि एक पेरू वरून टाकला.

त्या रात्री गच्चीवर
मला फार बरं वाटत होतं स्वतःविषयी,
जणू अन्सारला मीच घडवलाय.
म्हणून की काय, सांगून बसलो:
माझ्या केंद्रावर खैरुन्निसाबी आल्या होत्या,
एकाहत्तर वर्षांच्या, हातात ओळखपत्र.
यादीत नाव नव्हतं.
मी तीनदा पाहिलं.
शाईसाठी पुढं केलेलं बोट
त्यांनी हळूच पदरात मागं घेतलं,
जसं काही चूक बोटाचीच.
त्यांच्या गल्लीतली आणखी चाळीस नावं नव्हती.
नोंदवहीत मी लिहिलं: मतदान शांततेत पार पडलं.

मोहिनूर काही बोलली नाही.
शेजारच्या गच्चीकडं तिनं एकदा पाहिलं,
सवयीनं.
मग आपण कुठं आहोत ते आठवल्यागत
तिखटमीठ लावलेली फोड उचलली.

पुढचं मी हळू आवाजात सांगितलं.
शेजारच्या गच्चीवर तर
नुसत्या गोधड्या वाळत होत्या.